गार चुलीची बखर

श्री

आधीं गणरायास दंडवत, मग कुळस्वामिणीस, आणि तिसरें दंडवत त्या मातीस, जीवर पोरांचे पाय उठतात आणि पावसानें पुसले जातात. शके सत्राशें चार, शुभकृतनाम संवत्सर, मास श्रावण. ते समयीं एके राज्यांत जें वर्तलें तें जैसें कानीं आलें तैसें लिहिलें. राज्याचें नांव लिहिलें नाहीं. लिहिलें असतां एकाच राज्याचीं माणसें लाजतील, न लिहितां सर्वच राज्यांचीं थोडथोडीं लाजतील, हें बरें. हकीकत येणेंप्रमाणें.

त्या राज्यांत तीन शिवा होत्या. वरला कसबा, खालचा कसबा आणि नदीपलीकडील पैलतीर. हरएक शिवेची एक पाठशाळा, हरएक पाठशाळेचे सोळा-सतरा वर्षांचे अकरा गडी, आणि श्रावण शुद्ध नवमीस पायचेंडूची मोठी लढाई. चेंडूस हात लावणें नाहीं, पायानेंच खेळवावा, आणि दोन खांबांची शत्रूची वेस, तींत घालावा. वेशींत एक वेसकर उभा, तो मात्र हातानें अडवील. ज्यांचे चेंडू वेशींत अधिक गेले त्यांची फत्ते. तरवारीच्या लढाया सोडून त्या राज्यास बहुत वर्षें जाहलीं होतीं, सबब सर्व हौस, सर्व हेवा आणि सर्व रडणें या एका चेंडूंत येऊन सांठलें होतें. पूर्वीं वरल्या कसब्याचे धनवंत दूरदूरच्या डोंगरांतून तगडे गडी आणीत, त्यांस दूधतूप चारीत, आणि नवमी जिंकली कीं पुन्हा डोंगराच्या वाटेस लावीत, आणि गांवचे पोर कुंपणावर बसून पाहत. मग दरबारीं बोभाटा जाहला आणि कायदा बांधिला, कीं ज्याची चूल शिवेआंत त्याचाच पाय मैदानांत. पोराची माय अथवा बाप पाडव्यापासून शिवेआंत चूल पेटवून राहिला पाहिजे. आणि खरेंखोटें पाहावयास एक शीवपाहणीस नेमिला. तो कोणे दिवशीं येईल हें देवासही ठाऊक नसे. त्यानें यावें आणि चुलींत हात घालावा. राख ऊन, तर चूल खरी. राख गार, तर चूल खोटी. आणि खोटी ठरली तर दुसरे दिवशीं दोन प्रहरांचे आंत जिची तिनें आपल्या हातें मोडावी. कायदा भल्या मनानें केला होता. भल्या मनानें बांधिलेली गांठ सुटतां सुटत नाहीं, हें कोणास उमगलें नव्हतें.

खालच्या कसब्यांत ठकूबाई म्हणून एक बाई होती. तिचा नवरा कोंडाजी कोष्टी, आणि एकुलता लेक जोत्याजी, पाठशाळेच्या सैन्यांत उजव्या बगलेचा गडी. हुशारी फार नव्हती, मेहनत अफाट होती. तीन वर्षें चिखलांत लोळला, गुडघे फोडून घेतले, आणि ठकूबाईनें तीन वर्षें त्याच्या गुडघ्यांस हळद भरली. तिचें माहेर पैलतीरचें. लग्न होऊन आली त्यास अठरा वर्षें जाहलीं, आणि सासूनें पहिल्याच श्रावणांत सांगितलें होतें, "पलीकडच्या रिती पलीकडेच ठेवायच्या गं. हितं हितलं." तेव्हांपासून तिनें ठेविल्या. मग त्या पाडव्यास शेजारच्या रिकाम्या खोलींत आवडाबाई राहावयास आली, पैलतीरचीच, ठकूबाईच्या माहेराहून दोन शेतें पलीकडची. नवरा वारलेला, पत्रावळी लावून पोट भरी. आणि तिजसंगें लेक हैबती. त्या पोराचे पाय असे, कीं चेंडू त्यांस विचारून मग उडे. पैलतीरची पाठशाळा पंतोजी मेल्यापासून बंद पडली होती, सबब मायलेकरें नदी उतरून आलीं, भांडीं आणिलीं, वरवंटा आणिला, तुळस आणिली, मागें कांहीं ठेविलें नाहीं. ठकूबाईच्या जिवास मोठी सोबत जाहली. दोघी पहांटे एका जात्याशीं बसत आणि आवडाबाई गळा सोडी:

पलीकडं माझं गांव, मधीं नदीचं गं पाणी
अलीकडं भेटली बाई, एका मातीची बहिणी

आणि ठकूबाईनें दुसरी म्हणावी:

सासरच्या घरीं बाई, किती मोजावे गं वासे
माझ्या मायेच्या बोलीचं, कुणी बोलेना गं ऐसें

ऐसें दळण सरे आणि दोघींचे डोळे पुसून होत. पोरांचीही गट्टी जमली. हैबती जोत्याजीस म्हणे, "जोत्या, तूं चेंडूवर रागावतोस. त्याला रागावूं नये रे, तो बहिरा असतो." आणि दोघे हंसत.

मग आषाढ लागला आणि पाठशाळेचे उस्ताद फत्तूमियां यांनीं अकरा नांवें वाचिलीं. उजव्या बगलेस हैबती. जोत्याजी बारावा, पाण्याची घागर राखावयास. जोत्याजी घरीं आला आणि जेवला नाहीं. कोंडाजी उस्तादांकडे गेला आणि म्हणाला, "मियांसाहेब, तीन वर्सं माझा पोर तुमच्या मैदानांत नांगरासारखा फिरला. आन् काल आलेल्यानं जागा घेतली. ह्यो न्याय?" उस्ताद बोलिले, "कोंडाजी, मी पाय पाहतों. शीव पाहणें माझें काम नव्हे." कोंडाजी म्हणाला, "पोराच्या पायासाठीं जी चूल हलली ती चूल कसली? मग वरल्या कसब्याला काय म्हणून शिव्या देतों आपण?" उस्ताद चेंडूचा चिखल पुसूं लागले, कारण बोलण्यांत कांहीं तथ्य होतें, आणि कांहीं नव्हतें, आणि कोणतें कोणतें हें निवडतां येईना. मग कोंडाजीनें चावडींत अर्ज दिला, कीं पैलतीरचा हैबती याची चूल देखाव्याची आहे, खरी चूल नदीपलीकडे आहे. ठकूबाईस कळलें तेव्हां ती म्हणाली, "अहो, असं कसं लिहिलंत? मी रोज तिच्या चुलीम्होरं बसते." कोंडाजी म्हणाला, "मग पाहणीस येऊन पाहील की! खरी असली तर तिला भ्या कशाचं?" यावर तिला उत्तर सुचलें नाहीं. आणि खरें सांगावें तर, मनाच्या एका कोपऱ्यांत, जेथें हळदीची वाटी आणि लेकराचे गुडघे होते, तेथें तिनें उत्तर शोधिलेंही नाहीं.

शीवपाहणीस नारो महादेव, गृहस्थ सचोटीचा, कोणाचें पानही न खाणारा. तो श्रावण शुद्ध सप्तमीस निघाला. प्रथम वरल्या कसब्यास गेला. तेथें डोंगरांतून आणिलेल्या दोन गड्यांच्या नांवें दोन खोल्या घेतल्या होत्या, आणि एक म्हातारी दोहींकडे सकाळसंध्याकाळ दोन गोवऱ्या पेटवून धूर करून जाई. खोलींत मडकें नाहीं, वाकळ नाहीं, खुंटीस धडुतें नाहीं. पण नारो महादेव यांस कायद्यानें चुलींत हात घालावयास सांगितला होता, खोलींत डोळे फिरवावयास नव्हे. हात घातला, बोट पोळलें, आणि लिहिलें, "राख ऊन. चूल खरी." मग तो खालच्या कसब्यास आला आणि गल्ली मागें लागली, आणि तो आवडाबाईच्या दारीं उभा राहिला.

चूल सारवलेली होती. ओल्या शेणावर पिठाची रांगोळी, वर हळदकुंकू, आणि आंत राखेचा कण नाहीं. नारो महादेव यांनीं हात घातला आणि हात गार परत आला. आवडाबाई पदर सांवरून बोलली, "महाराज, आज शिळासप्तमी. आमच्या तिकडं आज चूल पेटवीत नाहींत. सष्ठीला रांधायचं, आज शिळं खायचं. वर्सभर जळती बिचारी, येक दिस तिला निजूं द्यायचं. नाय तर देवी कोपती, पोरांच्या अंगावर फोड येत्यात." आणि टोपलें उघडून दाखविलें, कालच्या भाकऱ्या आणि दहींभात. गल्लींतून कोणी बोलिलें, "बरी घावली सप्तमी!" आणि लोक हंसले. नारो महादेव म्हणाले, "बाई, वीस वर्षें मी राखेंत हात घालतों. ज्याची ज्याची चूल गार निघाली, त्याच्या त्याच्या घरीं त्या दिवशीं कांहीं ना कांहीं व्रत होतें. मी तुम्हांस खोटें म्हणत नाहीं. या शिवेंत ही रीत मीं पाहिली नाहीं, इतकेंच. पैलतीरचें कोणी माणूस येथें आहे काय? एका जाणत्या मुखानें म्हणावें, कीं होय, ऐसी रीत आहे. मी लिहून घेईन आणि निघून जाईन."

आवडाबाईनें सुटकेचा श्वास टाकिला आणि गर्दींत पाहून म्हणाली, "ठकाक्का हाय की. सांगा, अक्का."

तेव्हां सर्व माणसें ठकूबाईकडे वळलीं. कोंडाजी तिजकडे पाहत होता. त्याच्या मागें जोत्याजी, हातांत पाण्याची रिकामी घागर, आणि तो आईकडे न पाहतां घागरीकडे पाहत होता. ठकूबाईस तिच्या आईची चूल आठवली, सारवलेली, निजलेली, आणि आई म्हणे, हळू बोला गं, चूल जागी होईल. सर्व आठवलें. आणि तिनें तोंड उघडिलें आणि म्हणाली, "आमच्या घरीं तर रोज चूल पेटते, महाराज."

बोल खोटा नव्हता. अठरा वर्षें तिच्या घरीं रोजच चूल पेटली होती. पण जो बोल खोटा नसून खऱ्याच्या आड उभा राहतो, त्यास काय म्हणावें, हें कोशांत सांपडत नाहीं. आवडाबाईनें टोपल्यावर झांकण ठेविलें, सावकाश, जैसें निजल्या लेकरावर पांघरूण घालावें. नारो महादेव यांनीं लिहिलें, "राख गार. साक्ष नाहीं. चूल खोटी," आणि शिक्का केला आणि चावडीवर मुक्कामास गेले.

मग अष्टमी उजाडली आणि आवडाबाईनें आपल्या हातें चूल मोडिली. खोरें मागावयास ती शेजारीं आली नाहीं, पळीच्या दांड्यानें मोडिली. भांडीं डोईवर, तुळस हैबतीच्या कांखेंत, आणि दोन प्रहरांचे आंत दोघें नावेंत बसलीं आणि गेलीं. तिकडे उस्तादांनीं जोत्याजीस बोलाविलें आणि उजवी बगल दिली. कोंडाजीनें गल्लींत साखर वांटली. ठकूबाईनेंही चिमूटभर जिभेवर ठेविली आणि ती विरघळेना. सायंकाळीं जोत्याजी घरीं आला आणि उंबऱ्यावरच उभा राहून म्हणाला, "आई, काल सकाळीं मी हैबतीकडं दहींभात खाल्ला. तो म्हणाला, तुझ्या आईच्या माहेरींबी आज हेंच असंल. असतं काय?" ठकूबाई म्हणाली, "असतं." जोत्याजी म्हणाला, "मग?" इतकेंच. कोंडाजी आंतून ओरडला, "तूं गप रे! तुझ्यासाठींच केलं तिनं!" जोत्याजी म्हणाला, "मला विचारलं होतं काय? मला जागा पाहिजे होती, बा. पण त्याच्याकडून जिंकून पाहिजे होती. पुढल्या वर्सीं घेतलीबी असती." आणि तो रडूं लागला, सोळा वर्षांचा थोराड गडी, भिंतीकडे तोंड करून.

मग ठकूबाई पायांत वहाणही न घालतां चावडीवर गेली. नारो महादेव संध्येस बसावयाचे बेतांत होते. तिनें सर्व सांगितलें. तिचें माहेर, तिची आई, ती रीत, आणि आपण काल काय बोललों आणि कां बोललों, कांहीं राखिलें नाहीं. नारो महादेव बोलले, "बाई, काल हें दोन शब्दांचें काम होतें. आज ती चूल तिनें मोडिली. काल मीं लिहिलें तेव्हां तें खोटें होतें आणि चूल खरी होती. आज लिहिलेलें खरें आहे आणि चूलच नाहीं. आतां मी फाडूं तें काय, आणि ठेवूं तें काय?" आणि त्यांनीं आपला उजवा हात उलटून पाहिला, जैसा तो दुसऱ्या कोणाचा असावा. मग म्हणाले, "उद्यां तिसऱ्या प्रहरीं चेंडू सुटेल. त्याआधीं तिनें या शिवेंत एक लांकूड पेटविलें, तर कागद मी माझ्या हातें फाडीन. मग दरबार माझें काय करायचें तें करो." ठकूबाईनें घरीं येऊन लेकास सांगितलें. जोत्याजी म्हणाला, "तो आला तर मी घागर धरीन. नाहीं आला तर खेळेन. दहा जणांचा घात कां करूं?" पोराची ही समजूत पाहून तिला आणखीच रडूं आलें.

नवमीस पहिल्या नावेनें ती निघाली. नदी दुथडी भरलेली, नाव तिरपी जाऊन लांब खालीं लागली, तेथून दोन कोस चिखल तुडवून ती पैलतीरीं पावली. आवडाबाई भावाच्या पडवींत पत्रावळी लावीत होती. तिनें मान वर केली आणि म्हणाली, "या अक्का, बसा. पाय किती भरलेत." ठकूबाई पायां पडूं गेली तों तिनें धरिलें. "नगा. आधीं पाणी प्या." ठकूबाई म्हणाली, "आवडे, मी सांगून आले. सगळं सांगून आले. पाहणीस कागद फाडतो म्हणाला. चल. माझ्याच चुलींतला विस्तव घे, माझ्याच दारांत पेटव. पोराला घे आन् चल." आवडाबाईनें हातांतलें पान पुरें टांचलें आणि मग बोलली, "अक्का, नावेंत बसल्यावर पोरानं मला विचारलं, आई, आपण खोटे होतों काय? मी म्हणलं, नाय. तो म्हणाला, मग सगळे हंसले कां? त्याला मी काय सांगूं, तें मला अजून सुचलं नाय. तें सुचल्याबिगर त्याला त्याच माणसांम्होरं कसा उभा करूं?" ठकूबाई म्हणाली, "मला शिव्या दे. मार. पर चल." आवडाबाई म्हणाली, "तुमच्या जागीं मी असते तर म्या काय केलं असतं, हें रातभर मनांत घोळवलं. खरं सांगूं? मलाबी ठावं नाय. म्हणून शिव्या येत नायती तोंडांत." आणि दोघी एकमेकींच्या गळ्यांत पडून रडल्या, आणि तरी आवडाबाई उठली नाहीं.

हैबती अंगणांत होता. त्यानें सर्व ऐकिलें होतें. ठकूबाई निघाली तेव्हां तो गांवच्या वेशीपर्यंत पोंचवावयास आला आणि म्हणाला, "मावशी, जोत्याला येक निरोप सांगा. वरल्या कसब्याचा वेसकर हाय ना, मी त्याला आषाढांत पाहिलाय. चेंडू सुटायच्या आधींच तो आपल्या उजव्या हाताकडं झुकतो, दर वक्ताला. एकटा सांपडला तर जोत्यानं त्याच्या डाव्या हाताकडं मारावा. येवढं सांगा. इसरूं नका." ठकूबाईनें निरोप पदराच्या गांठींत बांधिल्यासारखा जपला आणि चिखलांतून धांवली, आणि डाव्या हाताकडं, डाव्या हाताकडं, ऐसें म्हणत नदीवर आली. नाव पलीकडे होती. ती आली तों दुपार कलली. मग मध्यें धारेस लागतां लागतां अलीकडच्या तीराहून मोठी आरोळी उठली, हजार गळ्यांची, आणि पाण्यावरून येऊन नावेस धडकली. ठकूबाई उभी राहिली. "दादा, कोणाची रे ही?" नावाडी म्हणाला, "बाई, बसा खालीं, नाव डुलती. जिंकणाऱ्याची असणार. हरणाऱ्याची आरोळी नदीवर येत नाहीं."

ती मैदानावर पोंचली तेव्हां माणसें पांगलीं होतीं. वरल्या कसब्याचे लोक गुलाल उधळीत जात होते, आणि ते दोन डोंगरी गडी खांद्यांवर होते, आणि ते हंसत होते कीं रडत होते हें गुलालांत कळत नव्हतें. एका चेंडूनें फत्ते जाहली होती. जोत्याजी आपल्या उजव्या बगलेसच बसला होता, चिखलांत, गुडघे छातीशीं घेऊन. कोंडाजी दूर उभा होता आणि जवळ येत नव्हता. जोत्याजीनें मान वर केली आणि म्हणाला, "नाहीं आला?" ती म्हणाली, "नाहीं." मग तो बोलला, "आई, शेवटीं शेवटीं चेंडू मजकडे आला होता. मधीं कोणी नाहीं. मी एकटा आन् वेसकर एकटा. त्याच्या उजव्या हाताकडं मारला, चांगला मारला, आई. तर तो आधींच तिथं जाऊन पडला होता. त्याला कसं ठाऊक असंल?"

ठकूबाईच्या ओंठांवर निरोप होता. दोन कोस चिखल आणि एक नदी ओलांडून आणिलेला, एक अक्षर न सांडतां. तिनें लेकाच्या तोंडाकडे पाहिलें. सप्तमीस तिनें खरें दडविलें तें आपल्यासाठीं, आणि आज पुन्हा दडविलें तें त्याच्यासाठीं. म्हणाली, "नशीब रे त्याचं. ऊठ. गुडघा दाखव." आणि ज्या डावासाठीं तिनें जीभ गिळिली होती, तो डाव तिनें पाहिला नाहीं तो नाहींच.

सारांश. कायदा अद्याप चालू आहे. नारो महादेव यांनीं त्याच महिन्यांत राजीनामा दिला, कारण लिहिलें नाहीं. हैबती पुढें पैलतीरीं पोरांस चेंडू शिकवूं लागला. जोत्याजी खेळला आणखी एक वर्ष, बरा खेळला. दोघे भेटले कीं नाहीं याविषयीं दोन मतें आहेत. ठकूबाईनें तो निरोप मरेपर्यंत कोणास सांगितला नाहीं. मग लिहिणारास कोठून कळला, ऐसें कोणी पुसेल, तर निरोप पाठविणारास कोणी तरी विचारिलें असेल, कीं पोंचला काय, इतकेंच समजावें. चुकलें तें वाचणारांनीं सांवरून घ्यावें. लेखनसीमा.